परदेशी राहणाऱ्या पेन्शनरांनो, पेन्शनच्या हिशेबातल्या या चुका टाळा

दांडिया बाजारात, रावपुऱ्यात किंवा प्रतापनगरच्या रेल्वे वसाहतीत उभी हयात काढून उतारवयात न्यू जर्सी, टोरांटो किंवा मेलबर्नला मुलाकडे राहायला गेलेली मराठी कुटुंबे बडोद्यात आता घरटी नाही तरी गल्लीगणिक सापडतात. यांपैकी पुष्कळांचे निवृत्तिवेतन रेल्वेचे, टपाल खात्याचे किंवा केंद्राच्या अन्य एखाद्या खात्याचे असते आणि ते इथल्याच बँकेत जमा होते. ते बंद पडले तर आठवडाभरात कळते आणि फोनाफोनी सुरू होते. मात्र रक्कम चुकीची येत राहिली, मग ती कमी असो वा जास्त, तर वर्षानुवर्षे कोणाच्याही ध्यानात येत नाही. माझ्या मते खरे नुकसान या दुसऱ्या प्रकारात होते.

पहिली चूक दार चुकण्याची आहे. परदेशातून मुलगा फोन करतो तो बडोद्याच्या शाखेला, किंवा भाच्याला पासबुक घेऊन तिथे पाठवतो. वास्तविक पेन्शनचा हिशेब शाखेत होत नाही. तो प्रत्येक बँकेच्या केंद्रीय पेन्शन प्रक्रिया केंद्रात, म्हणजे सीपीपीसीमध्ये होतो, आणि त्या केंद्राला आधार असतो तो खात्याने काढलेल्या पेन्शन पेमेंट ऑर्डरचा, अर्थात पीपीओचा. त्यामुळे तक्रारीआधी एकच गोष्ट ठरवावी लागते: चूक पीपीओत आहे की पीपीओ बरोबर असूनही बँकेने रक्कम चुकीची काढली आहे? मूळ पेन्शन, जन्मतारीख किंवा पत्नीचे नाव पीपीओतच चुकले असेल तर बँक हात लावू शकत नाही, दुरुस्ती मूळ कार्यालयाकडूनच आली पाहिजे. नागरी खात्यांच्या बाबतीत ती दिल्लीच्या केंद्रीय पेन्शन लेखा कार्यालयामार्फत बँकेकडे जाते, रेल्वेच्या बाबतीत रेल्वेच्या लेखा विभागाकडून. पीपीओ बरोबर असेल तर पत्र थेट सीपीपीसीला लिहावे आणि शाखेला प्रत द्यावी.

हे ठरवण्यासाठी पेन्शनची पावती वाचता आली पाहिजे. खात्यात जमा झालेला एकच आकडा पाहून काहीही समजत नाही. समजा, मूळ पेन्शन ३२,००० रुपये आहे आणि निवृत्तीच्या वेळी तिच्यातला ४० टक्के भाग विकला होता, म्हणजे त्याच्या बदल्यात एकरकमी पैसे घेतले होते. तर १२,८०० रुपये वजा होऊन १९,२०० रुपये उरतात. महागाई सवलत मात्र उरलेल्या रकमेवर नव्हे, तर पूर्ण ३२,००० रुपयांवर मोजतात. १ जुलै २०२५ पासूनच्या ५८ टक्के दराने ती १८,५६० रुपये होते आणि एकूण ३७,७६० रुपये जमा व्हायला हवेत. सवलत १९,२०० रुपयांवर मोजलेली दिसली तर ती सरळसरळ चूक आहे. कागदावर हा हिशेब मांडायला पाच मिनिटे लागतात, तरी तो कोणी मांडत नाही.

विकलेली पेन्शन कपात सुरू झाल्यापासून १५ वर्षांनी पूर्ववत होते. वरच्या उदाहरणात त्या महिन्यापासून दरमहा १२,८०० रुपये वाढले पाहिजेत, महागाई सवलत तेवढीच राहील. हे बँकेने आपणहून करायचे असते, पण पेन्शन एका बँकेतून दुसरीत हलवलेली असेल आणि कपातीची तारीख नव्या नोंदीत उतरली नसेल, तर कपात सोळाव्या-सतराव्या वर्षीही सुरूच राहते. म्हणून ती तारीख स्वतःच्या वहीत लिहून ठेवावी.

ऐंशी वर्षे पूर्ण झाल्यावर मिळणाऱ्या वाढीची गोष्टही अशीच आहे. ८० वर्षे पूर्ण झाल्यावर मूळ पेन्शनच्या २० टक्के, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरीला १०० टक्के अशी अतिरिक्त पेन्शन मिळते. ज्या महिन्यात वय पूर्ण होते त्या महिन्याच्या एक तारखेपासून ती लागू होते, वाढदिवसापासून नव्हे. आपल्याकडे ऐंशी पूर्ण झाल्यावर काही महिन्यांनी सहस्रचंद्रदर्शनाचा समारंभ करतात. त्यासाठी मुलाबाळांनी अमेरिकेहून यायचे ठरेपर्यंत ही वाढ सुरू झालेली असायला हवी. ती नसेल तर उशीर बँकेचा आहे. ३२,००० रुपयांच्या मूळ पेन्शनवर ही वाढ ६,४०० रुपयांची, आणि तिच्यावरही ५८ टक्के सवलत धरता दरमहा १०,११२ रुपयांची होते.

या वाढीत सर्वांत जास्त अडकतात त्या कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या स्त्रिया. जुन्या पीपीओत नवऱ्याची जन्मतारीख असते, बायकोची नसते. त्यामुळे संगणकाच्या लेखी त्या ऐंशीच्या होतच नाहीत. त्यातच नावांचा घोळ असतो. लग्नात बदललेले नाव एका कागदावर, माहेरचे दुसऱ्यावर, आणि गुजरातच्या नोंदींत आडनाव आधी लिहून नावापुढे ‘बेन’ जोडण्याच्या रीतीमुळे पीपीओतल्या सुमन रेशन कार्डावर सुमनबेन होतात. पासपोर्टावर यांतले तिसरेच काही असते. परदेशी जाण्यापूर्वीच पॅन, आधार, पासपोर्ट आणि पीपीओ शेजारी शेजारी ठेवून नाव आणि जन्मतारीख एकसारखी करून घ्यावी. तिकडे गेल्यावर हेच काम दुप्पट अवघड होते.

जास्त आलेल्या पैशांबद्दल लोक गप्प बसतात, आणि हे मला कमी पैशांपेक्षा अधिक घातक वाटते. निवृत्तीनंतर पेन्शनर वारला तर पत्नीला काही काळ वाढीव दराने म्हणजे शेवटच्या पगाराच्या ५० टक्के आणि नंतर सामान्य दराने म्हणजे ३० टक्के कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. वाढीव दराची मुदत मृत्यूपासून ७ वर्षे किंवा पती हयात असता तर ज्या दिवशी ६७ वर्षांचा झाला असता तो दिवस, यांपैकी जे आधी असेल तिथे संपते. पुष्कळ जणी इथे स्वतःचे वय मोजतात, जे साफ चूक आहे. मुदत संपल्यावरही बँकेने वाढीव दर चालू ठेवला तर काही वर्षांनी वसुलीचे पत्र येते आणि तोवर ते पैसे औषधपाण्यात आणि विमानाच्या तिकिटांत खर्च झालेले असतात.

असे पत्र आले म्हणून लगेच संमतिपत्रावर सही करू नये. पंजाब राज्य विरुद्ध रफीक मसीह या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये निवृत्त कर्मचाऱ्यांकडून, तसेच पाच वर्षांहून जास्त काळ चुकीने दिले गेलेल्या रकमांची वसुली करता येणार नाही, असे काही प्रसंग घालून दिले, आणि त्या आधारे केंद्राच्या कार्मिक विभागाने २ मार्च २०१६ रोजी सूचना काढल्या. हा निकाल प्रत्येक प्रकरणाला आपोआप लागू होतो असे नाही, विशेषतः पेन्शन सुरू होताना जादा रक्कम परत करण्याची हमी लिहून दिलेली असेल तर बँक ती पुढे करते. तरीही हिशेबाचा महिनावार तक्ता, चूक कोणाची होती याचा खुलासा आणि वसुली हप्त्यांनी करण्याची विनंती या तीन गोष्टी लेखी मागण्याचा हक्क आहे. जास्त रक्कम येते आहे हे कळल्यावर आपणहून बँकेला लिहिलेले पत्र पुढे फार उपयोगी पडते.

आता हयातीच्या दाखल्याकडे वळू. केंद्राच्या पेन्शनरांसाठी तो नोव्हेंबरात द्यायचा असतो आणि ८० वर्षांवरील व्यक्तींना १ ऑक्टोबरपासून देता येतो. गुजरात राज्य सरकारची पेन्शन असेल तर मात्र ‘हयातीनी खराई’ मे ते जुलै या काळात होते. नवरा रेल्वेतून आणि बायको राज्य सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेली, अशा घरांत दोघांचेही दाखले नोव्हेंबरात देण्याचा विचार असतो, तोपर्यंत बायकोची मुदत उलटून गेलेली असते.

परदेशातून दाखला देण्याचे मार्ग दोन. भारतीय दूतावास किंवा वाणिज्य दूतावासातील अधिकारी, नोटरी, दंडाधिकारी किंवा बँक अधिकारी यांच्या सहीचा दाखला अधिकृत प्रतिनिधीमार्फत देता येतो, आणि मग स्वतः हजर राहण्याची गरज नसते. दुसरा मार्ग २०१४ साली सुरू झालेल्या जीवन प्रमाण या डिजिटल दाखल्याचा आहे. नोव्हेंबर २०२१ पासून त्यात चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोयही झाली. यासाठी आधार लागते, आणि भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी व्यक्तीला ते १८२ दिवसांच्या वास्तव्याची अट न घालता मिळते. प्रमाण-आयडी, म्हणजे त्या डिजिटल दाखल्याचा क्रमांक, हाती आला की काम झाले, असे समजणे ही इथली नेहमीची चूक आहे. पीपीओ क्रमांक किंवा खाते क्रमांक जुळला नाही तर बँक तो दाखला नाकारते. म्हणून पोर्टलवर तो स्वीकारला गेल्याचे पाहूनच निश्चिंत व्हावे.

खाते क्रमांक न जुळण्याचे एक मोठे कारण खात्याच्या रूपांतरात आहे. कायमचे परदेशी राहायला गेल्यावर साधे बचत खाते एनआरओ, म्हणजे अनिवासी व्यक्तीचे रुपयांतले खाते, करून घ्यावे लागते आणि काही बँकांत त्या वेळी क्रमांकही बदलतो. हे रूपांतर टाळणे योग्य नाही, पण ते करताना नवा क्रमांक सीपीपीसीच्या नोंदीत उतरल्याची खात्री करावी आणि पत्नीबरोबरचे संयुक्त खाते संयुक्तच ठेवावे. रूपांतरानंतर ‘पेन्शन कापली गेली’ अशी ओरड होते, ती बहुधा कराची असते. नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कर शून्य होतो तो एका सवलतीमुळे, आणि ती सवलत फक्त निवासी करदात्यांना आहे. अनिवासी पेन्शनरला ४ लाखांच्या वरच्या उत्पन्नावर कर लागू होतो. एनआरओ खात्याच्या व्याजावर ३० टक्के आणि उपकर असा कर आधीच कापला जातो, आणि त्यावर कर कापू नये म्हणून द्यायचा १५-एचसारखा फॉर्म चालत नाही, कारण तोही निवासी व्यक्तींसाठीच आहे. अमेरिकेत ग्रीन कार्डावर राहणाऱ्यांच्या परदेशी खात्यांतली एकत्रित शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरपेक्षा जास्त झाली तर तिथल्या सरकारला एफबार हे विवरण द्यावे लागते, आणि बडोद्याचे पेन्शन खातेही त्यात धरले जाते.

काही तक्रारी मुळात तक्रारी नसतात. मार्चची पेन्शन ३१ मार्चला नव्हे, तर एप्रिलच्या पहिल्या कामकाजाच्या दिवशी जमा होते. महागाई सवलतीची वाढ जानेवारी आणि जुलैपासून लागू असली तरी ती नंतर जाहीर होऊन थकबाकीसह येते. कोविडच्या काळात रोखलेले तीन हप्ते जुलै २०२१ मध्ये दरात धरले गेले, १७ वरून २८ टक्के असे, परंतु मधल्या काळाची थकबाकी दिली गेली नाही. तिच्यासाठी बँकेला पत्रे लिहून उपयोग नाही.

खऱ्या तक्रारीत पीपीओ क्रमांक, खाते क्रमांक, कोणत्या महिन्यापासून किती रक्कम यायला हवी होती आणि किती आली, एवढे एका पानात मांडावे, पीपीओ आणि पावतीची प्रत जोडावी आणि ईमेलने पाठवून पोच मागावी. पेन्शन किंवा थकबाकी बँकेच्या दिरंगाईमुळे उशिरा मिळाली तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार वार्षिक ८ टक्के दराने भरपाई मागणी न करताही जमा व्हायला हवी, तरी पत्रात तिचा उल्लेख करावाच. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली ऑनलाइन तक्रार करता येते, परदेशातूनही. पीपीओतली चूक लोकपालाकडे नेऊ नये. केंद्राच्या पेन्शनरांसाठी ती सीपेनग्राम्स या पोर्टलवर संबंधित खात्याच्या नावे नोंदवावी आणि नोंदणी क्रमांक मुलालाही कळवून ठेवावा.