सोनेरी मोराची पारख: व्हिक्टोरियन सचित्र कादंबऱ्या कशा जमवाव्यात

दिसेल ते जुनं पुस्तक घेत सुटलं की वर्षभरात कपाट भरतं, संग्रह मात्र होत नाही. म्हणून आधी एक चित्रकार निवडा. माझं मत विचाराल तर ह्यू थॉमसन. 1891 मध्ये लंडनच्या मॅकमिलन प्रकाशनाने कादंबरीकार गॅस्केलबाईंची 'क्रॅनफर्ड' त्याच्या चित्रांसह काढली. गर्द हिरवं कापड, त्यावर सोनेरी नक्षी. ती इतकी खपली की त्याच थाटाच्या पुस्तकांची मालिकाच निघाली.

दुसरं काम, बांधणी समजून घ्या. 1820च्या दशकापर्यंत गिऱ्हाईक साध्या पुठ्ठ्यातलं पुस्तक नेई आणि हौसेप्रमाणे चामड्यात बांधून घेई. मग प्रकाशकच कापडी बांधणी करू लागले, आणि 1830च्या दशकात कापडावर यंत्राने सोनेरी ठसा उठवता येऊ लागला. संग्राहक 'मूळ कापड' म्हणून जीव टाकतात ते यासाठी: आवृत्तीचं वेष्टन प्रकाशकाने जसं ठरवलं तसंच ते हाती येतं. नंतर कुणी भारी चामड्यात बांधलेली प्रत देखणी असेलही, पण तो मूळ साज गेलेला असतो.

आता एकच आवृत्ती पक्की ओळखायला शिका. जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'ची 'मोराची प्रत' सगळ्यांनाच हवी असते. घोटाळा असा, की मोर दोन आहेत. पहिला लंडनच्या जॉर्ज ॲलनने 1894 मध्ये काढला. थॉमसनची 160 चित्रं, समीक्षक जॉर्ज सेंट्सबरींची प्रस्तावना, आणि पुढच्या पुठ्ठ्यावर पिसारा सोडून बसलेला सोनेरी मोर. दुसरा मॅकमिलनच्या सचित्र कादंबरीमालेतला. त्याच्या वेष्टनाची नक्षी टर्बेन या कलाकाराची, आणि आतली चित्रं (1895) थॉमसनची नाहीतच, चार्ल्स ब्रॉकची आहेत. विक्रेता नुसतं 'पीकॉक एडिशन' (मोराची प्रत) लिहून मोकळा होतो. तेव्हा शीर्षकपानाचा फोटो मागवा; प्रकाशक, चित्रकार आणि साल तिथेच कळतं. पहिल्या मोराची पुनर्मुद्रणंही त्याच वेष्टनात निघाली, म्हणून साल नीट वाचा.

आपल्याकडच्या रद्दीत आणि जुन्या ग्रंथालयांत त्या काळची इंग्रजी कादंबरी मिळाली, तर ती बहुधा 'कलोनियल लायब्ररी'ची निघेल. मॅकमिलनने ही माला 1886 पासून खास हिंदुस्थान आणि वसाहतींसाठी काढली. तिचा इतिहास वाचण्यासारखा आहे, पण नक्षीदार सचित्र आवृत्ती ती नव्हे.

प्रत हाती आली की चित्रांची यादी उघडा आणि एकेक चित्र मोजा. मुखचित्र, म्हणजे शीर्षकपानासमोरचं चित्र, काढून विकलेलं असण्याची शक्यता सर्वांत जास्त. कण्याचा, म्हणजे पुस्तकाच्या पाठीचा, रंग पुठ्ठ्याशी ताडून पाहा, उन्हाने कण्याचा रंग आधी उडतो. पुठ्ठा उघडताना सांध्यात शिवण दिसली तर किंमत कमी करायला सांगा. पानांवरचे तपकिरी ठिपके थोडे असतील तर चालवून घ्या. 'नाताळ 1895' अशी कुणाची शाई दिसली तर मला आनंदच होतो. ती खोडू नका.

एक गोष्ट गांभीर्याने घ्या. 1840 ते 1860च्या दशकांतल्या काही पाचूसारख्या झळझळीत हिरव्या कापडांत आर्सेनिक हे विष असतं, आणि रंग हाताला लागतो. अमेरिकेतलं विंटरथर संग्रहालय आणि डेलावेअर विद्यापीठ 2019 पासून अशी पुस्तकं शोधत आहेत. शंका आली तर हातमोजे घाला, पुस्तक झिपच्या पिशवीत ठेवा आणि मुलांपासून दूर ठेवा.

जूनमध्ये वह्यांना घालतो तसं खाकी कव्हर या पुस्तकांना घालू नका. त्या कागदातलं आम्ल कापडात उतरतं. सेलोटेपही नको. स्वच्छ पॉलिएस्टरचं पारदर्शक वेष्टन करा. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, पावसाळ्यात ओल तिथूनच येते. पुस्तकं उभी, फार न दाबता ठेवा. श्रावणात उघडीप मिळाली की बाहेर काढा, उन्हात नव्हे, सावलीत पंख्याखाली, आणि कण्याच्या आतल्या बाजूला कसर लागली आहे का ते बघा.