हेल्परपासून स्वतःच्या कामापर्यंत: गोव्यातल्या सुतारासाठी

पहिलं वर्ष हत्याराला धार लावण्यात गेलं तरी चालेल. रंधा, पटाशी आणि करवत हातात बसल्याशिवाय मशीनकडे वळू नका. आयटीआयचा सुतारकामाचा कोर्स केलात तर नकाशा वाचायला लवकर शिकाल.

हेल्परचा मेस्त (स्वतः काम घेणारा मुख्य सुतार) होतो तो हिशोबावर. ७ बाय ३ फुटांच्या दाराची चौकट घ्या. उंबरा नसेल तर दोन उभे आणि एक आडवा, मिळून १७ फूट. लाकूड ५ बाय ३ इंची. १७ × ५ × ३ भागिले १४४ (एका चौरस फुटातले चौरस इंच), म्हणजे साधारण १.७७ घनफूट. त्यावर दहा टक्के घट धरा. नवखे नेमके इथेच चुकतात: तयार माप धरतात, रंध्यात जाणारं लाकूड विसरतात, आणि तो तोटा त्यांच्याच खिशातून जातो.

चौकट उभी केली की दोन्ही कर्ण मोजा. सारखे आले तरच ती काटकोनात आहे.

आपल्याकडचा पावसाळा मोठा परीक्षक. मे महिन्यात घट्ट बसवलेलं दार जुलैत फुगून अडतं, म्हणून कडेला ३ मिलिमीटर फट सोडा. फळीच्या वरच्या-खालच्या कडांनाही पॉलिश मारा. ओल तिथूनच शिरते.

बांधकामावर वर्षात ९० दिवस भरले असतील आणि वय १८ ते ६० असेल, तर बांधकाम कामगार म्हणून नोंदणी जरूर करा. हत्यारांसाठी पैसे हवे असतील तर २०२३ च्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार येतात: पहिलं कर्ज एक लाखापर्यंत, व्याज ५ टक्के. ठेका घ्याल तेव्हा लाकडाची जात, माप आणि हप्ते आधी कागदावर लिहून घ्या.