सोसायटीच्या गच्चीवरील सौर संच : डीसी आणि एसी पेट्या कशा निवडाव्यात आणि बसवाव्यात

नेरूळच्या एका सोसायटीत, सौर संच बसवल्यानंतरच्या दुसऱ्याच पावसाळ्यात, मी गच्चीवरील डीसी पेटीचे झाकण उघडले तेव्हा तळाशी बोटभर पाणी साचलेले होते, केबलच्या टोकाला बसवलेल्या एका धातूच्या लगवर हिरवी भुकटी चढली होती आणि त्याच्या वरचा फ्यूज होल्डर तपकिरी पडून एका बाजूने वितळला होता. आतील एकही भाग हलक्या प्रतीचा नव्हता. केबल मात्र पेटीच्या माथ्याला भोक पाडून आत घेतल्या होत्या. या पेट्यांच्या बाबतीत काय विकत घेतले यापेक्षा ते कसे बसवले याला अधिक महत्त्व आहे, हे माझे मत तेव्हापासून पक्के झाले. जोडणी परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावी. परंतु काम चालू असताना काय पाहायचे, हे सोसायटीच्या समितीला आणि नव्या तंत्रज्ञांना ठाऊक असले पाहिजे.

सौर पॅनेलच्या स्ट्रिंग (एकामागे एक जोडलेल्या पॅनेलच्या माळा) जिथे येऊन मिळतात ती डीसी पेटी, म्हणजे डीसीडीबी किंवा कंबायनर बॉक्स. आणि डीसीची एसी करणाऱ्या इन्व्हर्टरमधून निघालेली वीज इमारतीच्या मुख्य स्विचबोर्डाकडे पाठवते ती एसी पेटी, म्हणजे एसीडीबी. दिसायला दोन्ही सारख्या असल्या तरी त्यांचा स्वभाव वेगळा आहे. एसी प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे स्विच उघडताना उडालेली ठिणगी विझायला वाव मिळतो. डीसी प्रवाह शून्यावर येतच नाही. सैल स्क्रूपाशी पेटलेला आर्क, म्हणजे न तुटणारी ठिणगी, ऊन असेपर्यंत जळत राहू शकतो. म्हणून घरगुती एसी एमसीबी (जादा प्रवाह येताच आपोआप पडणारा स्विच) डीसी पेटीत कधीही चालवून घेऊ नये. डीसी एमसीबी वापरणार असाल तर त्यावर धन आणि ऋण खुणा आहेत का ते पाहावे, कारण अशी खूण असलेली एमसीबी उलटी जोडली गेली, तर ऐन वेळी आर्क विझवण्याऐवजी ती स्वतःच पेटू शकते. माझी पसंती दोन्ही ध्रुव एकदम तोडणाऱ्या, सौर डीसीसाठीच बनवलेल्या आयसोलेटरला आहे.

आता हिशेब. ३० किलोवॉटचा संच घेऊ : ५४० वॉटची ५६ पॅनेल, प्रत्येकी १४ पॅनेलच्या ४ स्ट्रिंग. अशा एका पॅनेलचे ओपन सर्किट व्होल्टेज (काहीही न जोडता मिळणारे) साधारण ४९.५ व्होल्ट आणि शॉर्ट सर्किट करंट (दोन्ही टोके थेट जोडल्यावर वाहणारा) साधारण १४ अँपिअर असतो; नेमके आकडे पॅनेलच्या मागील पट्टीवर छापलेले असतात. एका स्ट्रिंगचे ६९३ व्होल्ट होतात. हा आकडा २५ अंश तापमानाचा असून थंडीत व्होल्टेज वाढते. ठाण्यातील पहाट १० अंशांपर्यंत उतरली असे धरले, तर चारेक टक्के वाढ होऊन ते ७२० व्होल्टच्या आसपास जाते. म्हणून या पेटीतील प्रत्येक वस्तू १००० व्होल्ट डीसीची घ्यावी.

फ्यूज सरसकट लागतो असे नाही. इन्व्हर्टरच्या एका एमपीपीटीवर (स्ट्रिंग जोडण्याच्या एका स्वतंत्र इनपुटवर) दोनच स्ट्रिंग समांतर असतील, तर बिघडलेल्या स्ट्रिंगमध्ये उलटा शिरणारा प्रवाह फार तर दुसऱ्या स्ट्रिंगचा, म्हणजे १४ अँपिअर असतो आणि तो तिला सोसतो. परंतु चारही स्ट्रिंग एकत्र आणल्या, तर उरलेल्या तिघींचे ४२ अँपिअर एकीत शिरू शकतात, आणि अशा पॅनेलवर कमाल फ्यूजची मर्यादा बहुधा २५ अँपिअर लिहिलेली असते. तिथे प्रत्येक स्ट्रिंगला फ्यूज हवाच. त्याचे मान शॉर्ट सर्किट करंटच्या दीडपटीच्या, म्हणजे येथे २१ अँपिअरच्या, वर आणि पॅनेलवरील मर्यादेच्या आत असावे. २५ अँपिअरचा, सौर कामासाठीच असलेल्या जीपीव्ही वर्गाचा फ्यूज येथे बसतो.

पेटीची जागा आणि भोके यांकडे सर्वाधिक लक्ष द्यावे. आपल्याकडे वर्षाला अडीच हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, वाशी, ऐरोलीसारख्या खाडीलगतच्या भागांत हवा खारी असते आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखान्यांची धूळ-धूर असतो. पत्र्याच्या पेटीवर कितीही चांगले पावडर कोटिंग असले तरी भोकाच्या कडेपासून गंज चढतो. म्हणून ऊन सोसणाऱ्या पॉलिकार्बोनेटची किंवा फायबरग्लासची, आयपी ६५ दर्जाची (धूळ आणि पाण्याचा फवारा रोखणारी) पेटी घ्यावी. हा दर्जा भोक न पाडलेल्या पेटीचा असतो, हे विसरता कामा नये. पहिले भोक पडले की पाणी अडवण्याची सारी जबाबदारी ग्लँडवर, म्हणजे भोकात केबल घट्ट धरणाऱ्या रबरी जोडावर, येते. केबल खालूनच आत घ्याव्यात, एका भोकात एकच केबल असावी, ग्लँडचे रबर केबलच्या जाडीला घट्ट बसणारे असावे आणि आत शिरण्यापूर्वी केबलला खाली झोळ द्यावा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी गळून पडेल. ढिल्या ग्लँडभोवती सिलिकॉन थापणे ही दुरुस्ती नव्हे. न वापरलेल्या भोकांना बूच लावावे. पेटी पॅनेलच्या सावलीत किंवा उत्तरेकडील भिंतीवर, गच्चीच्या लादीपासून किमान अर्धा मीटर उंच असावी, कारण उन्हात तापलेल्या पेटीत फ्यूजची क्षमता घटते.

जोडणी करताना तांब्याची एकही तार लगच्या बाहेर राहू नये, क्रिम्प केलेला (अवजाराने दाबून बसवलेला) लग हाताने जोरात ओढून पाहावा आणि स्क्रू अंदाजाने न आवळता उत्पादकाने दिलेल्या मानानुसार टॉर्क स्क्रूड्रायव्हरने आवळावा. आवळून झालेल्या स्क्रूवर पेंट मार्करची रेघ ओढली, तर पुढच्या तपासणीत तो सरकला आहे की नाही हे नुसते पाहून कळते. पॅनेलच्या केबल जोडणाऱ्या एमसी४ कनेक्टरची नर-मादी जोडी एकाच कंपनीची असावी.

सर्ज, म्हणजे व्होल्टेजची क्षणिक उसळी, रोखणारा एसपीडी डीसी बाजूला असतोच. परंतु गच्चीवरील पॅनेल आणि तळमजल्यावरील इन्व्हर्टर यांत १० मीटरपेक्षा अधिक केबल असेल, आणि उंच इमारतींत ती असतेच, तर दोन्ही टोकांना एसपीडी बसवावा. त्याच्या जोडतारा, अर्थच्या तारेसह, मिळून अर्ध्या मीटरच्या आत ठेवाव्यात. लांब तारेमुळे त्याचा उपयोग बराचसा वाया जातो.

एसी पेटीचा हिशेब सोपा आहे. ३० किलोवॉटला ४१५ व्होल्टवर सुमारे ४२ अँपिअर होतात; इन्व्हर्टरच्या पट्टीवरील कमाल प्रवाह ४८ अँपिअर असेल तर सव्वापट धरून ६३ अँपिअरचा चार पोलचा ब्रेकर घ्यावा. खरी काळजी जनरेटरची घ्यायची असते. लिफ्ट आणि पंपासाठी जनरेटर असलेल्या सोसायटीत सौर जोडणी चेंजओव्हरच्या (महावितरण आणि जनरेटर यांत अदलाबदल करणाऱ्या स्विचच्या) लोड बाजूला केली, तर महावितरणचा पुरवठा गेल्यावर बंद पडलेला इन्व्हर्टर जनरेटरच्या विजेवर पुन्हा सुरू होतो आणि लिफ्ट थांबलेली असताना जास्तीची वीज जनरेटरमध्येच ढकलू लागतो. म्हणून जोडणी महावितरणच्या बाजूला असावी, नाहीतर जनरेटरकडे उलटी वीज जाऊ न देणारे रिव्हर्स पॉवर संरक्षण बसवावे.

संच सुरू करण्यापूर्वी १००० व्होल्ट डीसी मोजू शकणाऱ्या मीटरने प्रत्येक स्ट्रिंगची ध्रुवता आणि व्होल्टेज तपासावे. सारख्या स्ट्रिंगमध्ये एखादीचे व्होल्टेज सुमारे ५० व्होल्टने कमी भरले, तर एक पॅनेल जोडायचे राहिले आहे असे समजावे. त्यानंतर १००० व्होल्टच्या मेगरने केलेल्या चाचणीत इन्सुलेशन किमान १ मेगाओहम भरले पाहिजे. हे सर्व आकडे तारखेसह वहीत लिहावेत आणि पावसाळ्याच्या आधी व नंतर पुन्हा पडताळावेत.

बंद करताना आधी एसी ब्रेकर, मग डीसी आयसोलेटर आणि शेवटी, क्लॅम्प मीटरवर प्रवाह शून्य दिसल्यावरच, फ्यूज होल्डर उघडावा. सर्व बंद केल्यावरही पॅनेलकडून येणाऱ्या तारा दिवसा जिवंतच असतात, ही सूचना डीसी पेटीवर, आणि पुरवठा दोन बाजूंनी येतो ही सूचना मुख्य स्विचबोर्डावर, मराठीत ठळक अक्षरांत लावावी. मीटर रूमच्या दारामागे संपूर्ण जोडणीची आकृती लॅमिनेट करून लावावी, आणि पेट्यांच्या व गच्चीच्या किल्ल्या कोणाकडे आहेत तेही तिच्यावर लिहावे.