डुक्कर रुपया आणि लिलाव संपल्यानंतरचे पंधरा दिवस

मामा गेले, त्यांच्या पत्र्याच्या डब्यात चांदीचे 41 रुपये निघाले. व्हिक्टोरिया, एडवर्ड आणि एकच पंचम जॉर्ज, 1911 चा. त्या नाण्यावर राजाच्या झग्यावरच्या हत्तीची सोंड आखूड पडली, तो डुकरासारखा दिसायला लागला. लोक बिथरले, सरकारने बहुतेक नाणी मागे घेऊन वितळवली. जमवणारे त्याला अजून ‘पिग रुपी’च म्हणतात.

मी मिरजेत 32 वर्षं बँकेत कॅशियर होतो. खोटी नोट मला अंगठ्यानेच कळायची. तरी हा रुपया ऑनलाइन लिलावात विकताना मी फसलो.

बोली 8,400 वर थांबली, पैसे दिसले, पार्सल पोचलं. नवव्या दिवशी घेणाऱ्याची तक्रार आली, नाणं नकली आहे. साइटने पैसे अडकवले आणि नाणं माझ्याकडे परत धाडलं. फरशीवर टाकलं तर नुसतं ‘ठक्’. चांदीची ती लांबणारी किणकिण नाहीच. काट्यावर 10.3 ग्रॅम, हा रुपया असतो 11.66 चा. कडेला साच्याची शिवण बोटाला लागत होती. माझं नाणं त्याच्याकडे, त्याचं ओतीव नाणं माझ्याकडे, आणि पैसेही त्याचेच. पाठवण्याआधी वजनाचा फोटो मी काढलाच नव्हता. सांगणार काय, कोणाला?

म्हणून आता असं करतो. सोनाराकडे असतो तसला छोटा डिजिटल काटा घ्यायचा. नाणं काट्यावर, आकडा वाचता येईल असा फोटो. दोन्ही बाजू, आणि कड चारही अंगांनी. प्रत्येक नाण्याला एखादा ओरखडा, एखादी ठोकर असतेच. ती भिंगातून टिपायची, पण एक खूण जाहिरातीत न दाखवता स्वतःजवळ ठेवायची. मग एकाच सलग व्हिडिओत काट्यावरचं नाणं, पाकीट, चिकटपट्टी, पत्ता. मध्ये कॅमेरा बंद झाला की त्या व्हिडिओला अर्थ नाही. परत आलेलं पार्सलही कॅमेऱ्यासमोरच फोडायचं, आणि आधी बंद पार्सलचं वजन. (चिंच किंवा पितांबरी लावून नाणी चकचकीत करू नका. निम्मी किंमत तिथेच जाते.)

पाठवताना विमा पूर्ण किमतीचा. कुरिअरच्या पावतीमागची बारीक अक्षरं वाचा. विमा नसेल तर हरवलेल्या पार्सलची भरपाई चहापाण्याइतकीच निघते.

पैशांचं मात्र सावकाश सांगतो, कारण इथे माझ्यासारखे निवृत्त लोक जास्त अडकतात. स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. पासबुकात, निदान बँकेच्या अ‍ॅपमध्ये, जमा दिसल्याशिवाय डबा हलवायचा नाही. “काका, क्यूआर पाठवलाय, स्कॅन करून पिन टाका, पैसे येतील,” असं कोणी म्हटलं की फोन ठेवायचा. पैसे घ्यायला पिन लागत नाही, तो द्यायला लागतो. दुसरं, बोली एकाची आणि पैसे तिऱ्हाइताच्या खात्यातून आले, तर थांबा. ती रक्कम कुणाला फसवून काढलेली असेल तर तपासात तुमचंही खातं गोठतं, मग पेन्शनसाठी पोलीस ठाण्याच्या फेऱ्या. बोली, गप्पा, पावती सगळं जपून ठेवा, ते तिथेच उपयोगी पडतं.

‘रिझर्व्ह बँकेचं प्रमाणपत्र काढून देतो, आधी फी भरा’ हाही एक प्रकार आहे. जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारासाठी आपण कसलंही शुल्क घेत नाही, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर सांगितलं होतं. मला असा फोन आला तेव्हा मी विचारलं, “कुठल्या शाखेतून बोलताय?” फोन कट.

परदेशातून दुप्पट बोली आली तर जीव हुरळतो. पण 100 वर्षांहून जुनं नाणं 1972 च्या पुरावस्तू कायद्यात येतं आणि खाजगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. ‘जुनी बटणं’ लिहून पाकीट धाडा, असं सुचवणारेही भेटतात. जप्ती आली तर नाव तुमचं असतं, त्यांचं नाही.

बोलीचं थोडक्यात. राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली विकायचं नाही ती, लावाच. कालच उघडलेल्या खात्याने भाव भसाभस चढवला तर आनंदू नका. तो पैसे देत नाही, आणि तोवर खरा गिऱ्हाईक निघून जातो. साइट सोडून व्हॉट्सअ‍ॅपवर व्यवहार करू म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणा, तक्रार करायला मग जागाच उरत नाही.

आणि फसलातच, तर त्याच तासात 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता येण्याची शक्यता तेवढीच. मी दोन दिवस लाजेने मुलीलाही सांगितलं नाही. तिला कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, “बाबा, काउंटरवर असं कुणी केलं असतं तर तुम्ही त्याला दोन दिवस बसू दिलं असतं का?”

उरलेल्या 40 पैकी 26 गेले, प्रत्येकाचा व्हिडिओ आहे. ते 10.3 वालं नाणं काट्याशेजारीच ठेवलंय, नवीन पार्सल बांधायच्या आधी एकदा वाजवून बघतो.