पाच पंच मागा, चौघांची तयारी ठेवा

या वर्षी आमच्या ओहायोतल्या भागात तिघा मराठी मंडळींनी हायस्कूल फुटबॉलच्या पंचगिरीसाठी नाव नोंदवलंय. तिघांनीही मला पहिला प्रश्न तोच विचारला: सामन्याला पंच किती असतात? उत्तर एका आकड्यात बसलं असतं तर फोनवरच सांगून मोकळा झालो असतो. ते बसत नाही, म्हणून हंगामाआधीची ही तयारीची यादी. यादी म्हटलं तरी एक-दोन-तीन आकडे घालून लिहायला मला जमत नाही, एकातून दुसरं निघत जातं. सांभाळून घ्या.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी आधी एक खुलासा. इथलं फुटबॉल म्हणजे लांबुळका चेंडू काखेत मारून धावायचा खेळ. अकरा विरुद्ध अकरा, 100 यार्डांचं मैदान, दोन्ही टोकांना 10-10 यार्डांचे एंड झोन आणि रुंदी 160 फूट. चेंडू स्नॅप झाला, म्हणजे जमिनीवरून मागच्या खेळाडूकडे दिला गेला, की बावीस पोरं एकदम हलतात आणि पाच-सहा सेकंदांत सगळं आटपतं. मी सांगलीकडचा, कबड्डीवर वाढलेला. तिथे 13 बाय 10 मीटरच्या पटांगणावर चौदा खेळाडूंसाठी एक सरपंच, दोन पंच, एक गुणलेखक आणि दोन सहायक गुणलेखक असतात. त्या हिशेबाने इथे पाच पंच म्हणजे चैन नव्हे, हे सुरुवातीलाच लक्षात घ्या.

तर पहिली तयारी म्हणजे आकडा विचारून घेणं. नेमणूक आली की तारीख, मैदान आणि वेळ सगळेच बघतात. त्याच निरोपात खेळ कुठल्या पातळीचा आणि चमू कितीचा, हेही बघा. नववीच्या पोरांच्या सामन्याला तिघं-चौघं भेटले तरी नशीब. जेव्ही म्हणजे शाळेचा दुसरा संघ, तिथे साधारण चौघं. शुक्रवारी रात्री दिव्यांच्या उजेडात होणाऱ्या व्हर्सिटी, म्हणजे शाळेच्या मुख्य संघाच्या, सामन्याला पाच. बाद फेरीत काही राज्यांत सहा-सात. सगळ्या देशाला लागू असा आकडा नाही, प्रत्येक राज्याची संघटना आपापलं ठरवते. नियमांचंसुद्धा तसंच: बहुतेक राज्यं हायस्कुलांच्या राष्ट्रीय महासंघाचं, एनएफएचएसचं, नियमपुस्तक वापरतात, टेक्सास मात्र थोडे फेरफार करून कॉलेजचे नियम लावतं. त्यामुळे डॅलसच्या मेव्हण्याने फोनवर सांगितलेलं इथे वापरायला जाऊ नका.

दुसरी तयारी, आपली जागा सोडून बाकीच्या जागाही पाठ करणं. चौघांच्या चमूत रेफरी, अंपायर, लाइन्समन आणि लाइन जज. पांढरी टोपी एकट्या रेफरीची, बाकी सगळ्यांच्या काळ्या. रेफरी क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू घेऊन खेळी चालवणाऱ्या खेळाडूच्या, मागे उभा राहतो आणि शेवटचा शब्द त्याचा. अंपायर उभा राहतो बचाव फळीच्या मागे पाच-सात यार्डांवर, म्हणजे ऐन वाहतुकीत. क्रिकेटमुळे अंपायर म्हटलं की आपल्याला मोठा मान वाटतो, इथे मान रेफरीला आणि धक्के अंपायरला. एनएफएलने, म्हणजे इथल्या व्यावसायिक लीगने, 2010 साली अंपायरला तिथून उचलून आक्रमक संघाच्या मागे नेला, कारण माणसं जखमी होत होती. हायस्कुलात अंपायर अजून तिथेच उभा असतो. गुडघे कुरकुरत असतील तर ही जागा घेऊ नका. पहिल्या वर्षी तुम्हाला बहुतेक बाजूरेषेवरच ठेवतील, तेच बरं.

बाजूरेषेवरच्या दोघांची, म्हणजे लाइन्समन आणि लाइन जजची, कामं एकदा मोजून बघा. स्नॅपच्या आधी कुणी हललं का, जिथून स्नॅप होतो त्या रेषेवर आक्रमक संघाचे किमान पाच जण आहेत का, त्यांचे नंबर 50 ते 79 मध्ये आहेत का (ही पाचांची अट 2019 पासूनची, आधी सात जण रेषेवर लागायचे). चेंडू सुटल्यावर धाव आहे की पास, धाव असेल तर पुढे सरकलेला चेंडू नेमका कुठे थांबला, पास असेल तर रिसीव्हरचा, म्हणजे पास झेलणाऱ्याचा, पाय आत की बाहेर. आणि चौघांचाच चमू असेल तर त्याच माणसाने रेषेवरून निघून चाळीस यार्ड लांब जाणाऱ्या पासामागे पळायचं. पुढे पळणारं पोर सतरा वर्षांचं, शाळेचा धावपटू. मागे पळणारे आपण, वय 46, दिवसभर खुर्चीत बसून आलेले. तो झेल घेतो तेव्हा आपण पंधरा यार्ड मागे असतो, आणि ढकलाढकली झाली की नाही हे पाठीमागून सांगतो. प्रेक्षक ओरडतात. त्यांचं चुकत नाही.

म्हणून पाचवा माणूस, बॅक जज. तो आधीच वीस-पंचवीस यार्ड खोल उभा असतो, त्यामुळे लांब पास त्याच्याकडे चालत येतो. बचाव संघाचे अकरा मोजणं, दोन खेळींमधल्या सेकंदांवर लक्ष ठेवणं, मधल्या रिसीव्हरवर नजर, सगळं त्याच्याकडे. तो आला की बाजूवाल्या दोघांना आपली रेषा नीट बघता येते. माझ्या मते चारावरून पाच झाल्यावर जो फरक पडतो, तो पाचावरून सात झाल्यावरही पडत नाही. गेल्या तीसेक वर्षांत हायस्कुलांतसुद्धा चार-चार रिसीव्हर पसरवून फेकाफेकीचा खेळ रूढ झालाय. सगळे मधल्या गर्दीत घुसायचे, त्या काळात चौघांत भागत असेल. आता व्हर्सिटीचा सामना चौघांवर लावणं ही काटकसर नव्हे, पोरांच्या जिवाशी खेळ आहे, कारण मागून मारलेला आडवा धक्का बघायला कुणाचेच डोळे उरत नाहीत.

सातांच्या चमूत आणखी दोघं, फील्ड जज आणि साइड जज, दोन्ही बाजूरेषांवर खोल उभे राहतात. गोल रेषा, म्हणजे जिथे एंड झोन सुरू होतो ती, आधीपासून कुणाच्या तरी ताब्यात असते हा मोठा फायदा. एनएफएलमध्ये 1978 पासून सात आहेत, आणि कॉलेजात 2013 ला आठव्याचा प्रयोग सुरू झाला. मग सगळीकडे सात का नाहीत? पैसे हे एक कारण. दोन पंच वाढले की दर घरच्या सामन्याला दोन मानधनं वाढतात, आणि छोट्या गावातल्या शाळेचा खेळाचा खर्च तिकिटांवर आणि पालकांच्या पॉपकॉर्न-विक्रीवर चालतो. खरं कारण माणसं. 2018-19 नंतरच्या तीन हंगामांत देशभरात सगळ्या खेळांचे मिळून जवळजवळ 50,000 हायस्कूल पंच कमी झाले, असं एनएफएचएसनेच सांगितलं. करोना होताच, पण वय झालेले पंच आणि गॅलरीतून शिव्या देणारे पालक हेही होते. पुढे भरती सुधारली, तरी बऱ्याच ठिकाणी शुक्रवारचे सामने गुरुवार-शनिवारवर ढकलावे लागले, कारण एका रात्री सगळ्या मैदानांना पुरतील इतके चमूच नव्हते. आता सात-सातांचे चमू केले तर जिथे पाच सामने होत होते तिथे साडेतीन होतील. हा हिशेब मला तरी कुणी खोडून दाखवलेला नाही. शाळेच्या पालक समितीत तुमचं कुणी असेल तर सातांसाठी भांडू नका, पाचांवर अडून बसा.

आता यादीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, गळतीची तयारी. कागदावर पाच असतात. शुक्रवारी दुपारी चारला एकाचा निरोप येतो, मीटिंग लांबली किंवा हायवेवर अडकलो. पाचांतला एक गेला की बहुतेक वेळा बॅक जजची जागा रिकामी राहते, बॅक जज स्वतः वेळेवर हजर असला तरी, कारण बाकीच्या चार जागांशिवाय खेळ हलतच नाही. म्हणजे त्याला उचलून दुसरीकडे ठेवावं लागतं. म्हणून सोमवारीच चमूच्या व्हॉट्सॲपवर ठरवून टाका: दोन खेळींमधले सेकंद कोण मोजणार, बचाव संघाचे अकरा कोण मोजणार, पंटच्या वेळी, म्हणजे चेंडू लाथेने लांब उडवतात तेव्हा, खोल कोण जाणार, लांब पासावर गोल रेषा कुणाची. गेल्या वर्षी एका सामन्यात आम्ही हे ठरवलं नव्हतं. दुसऱ्या क्वार्टरमध्ये बचाव संघाचे बारा खेळाडू मैदानावर होते, आणि आम्ही चौघांनीही दुसरा मोजतोय असं धरलेलं. प्रशिक्षकाने बोटं दाखवून मोजून दाखवले. त्या रात्री घरी जाताना मी गाडीत रेडिओ लावला नाही.

तिघंच उरले तर व्हर्सिटी सामना सुरू करण्याआधी शाळेशी बोला आणि राज्याच्या नियमात बसतं का ते विचारा. स्वतः मोठेपणा घेऊन ‘चालवून घेऊ’ म्हणू नका.

मैदानावर लवकर पोहोचा. नियमाप्रमाणे पंचांचा अधिकार ठरलेल्या वेळेच्या 30 मिनिटं आधी सुरू होतो, आम्ही दीड तास आधी पोहोचतो. त्यातला निम्मा वेळ कपडे बदलण्याच्या खोलीतली बैठक खाते. तीत नियमांचं पारायण करू नका. त्या रात्री नेमकं काय अडू शकतं ते बोला: डावखुरा क्वार्टरबॅक आहे का, फसव्या खेळी करणारा संघ आहे का, ओव्हरटाइम झाला तर 10 यार्डांवरून चार-चार डाउन, म्हणजे खेळीचे प्रयत्न. आणि चुकून शिट्टी वाजली तर काय, हे तर बोलाच. नव्या पंचाची शिट्टी तोंडात असते आणि घाबरल्यावर श्वास बाहेर पडतोच. मी पहिल्या वर्षी शिट्टी हातात धरायला शिकलो, त्यात तीन चुका वाचल्या.

सामान आदल्या रात्री पिशवीत भरा. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट, पांढऱ्या पट्टीची काळी पँट, काळे बूट, टोपी, दोन शिट्ट्या, घड्याळ, पेन्सिल आणि कार्ड. चेंडू कुठे हातातून सुटला ती जागा दाखवायला टाकायची छोटी पोटली, तिला इथे बीन बॅग म्हणतात. डाउन मोजायला बोटांत अडकवायचं रबर, पहिला डाउन तर्जनीवर, मग पुढच्या बोटावर. हे रबर विसरलात तर तिसरा की चौथा यावरून रात्रभर झोप उडेल. आणि पिवळं फडकं, एक जास्तीचं. फडक्याचा जन्म आमच्या ओहायोतलाच, म्हणून जरा थांबतो. यंग्सटाउन कॉलेजचे प्रशिक्षक ड्वाइट बीडी यांनी 1941 मध्ये ते आणलं. त्याआधी फाउल झाला की पंच हॉर्न वाजवायचे, आणि गर्दीत तो ऐकू जायचा नाही. बीडींच्या पत्नीने घरच्या कापडातून लाल-पांढरी फडकी शिवून दिली, कोपऱ्यात वजन घालून. पिवळा रंग पुढे आला.

मैदानावर गेलात की आधी साखळीवाले गाठा. 10 यार्डांची साखळी आणि डाउनचा खांब धरणारी माणसं यजमान शाळेची असतात, बहुधा कुणाचे तरी बाबा, आणि ती पंचांच्या आकड्यात धरली जात नाहीत. त्यांना तीन गोष्टी सांगा: मी सांगेपर्यंत हलायचं नाही, आपल्या संघासाठी ओरडायचं नाही, आणि साखळीची क्लिप मागच्या काठीजवळच्या पाच यार्डांच्या रेषेवर लावायची, म्हणजे मोजमापाला मैदानात नेताना जागा चुकत नाही. घड्याळवाल्याशी हात मिळवा, क्वार्टर 12 मिनिटांचे आहेत हे त्याला ठाऊक असतं, तरी विचारा. ढगाळ असेल तर प्रशिक्षकांना आधीच सांगून ठेवा: वीज दिसली किंवा गडगडाट ऐकू आला की खेळ बंद, आणि शेवटच्या गडगडाटानंतर पूर्ण 30 मिनिटं थांबणार. ऐन वेळी सांगितलं की दोघंही वाद घालतात.

मानधनाचे कागद घरून भरून आणा, सामन्यानंतर खेळ-संचालक सापडत नाही. परत जाताना जमेल तर एकाच गाडीतून जा, पार्किंगमध्ये एकटे चालत जाऊ नका. हरलेल्या संघाचे काका-मामा इथेही असतात.

राहता राहिला तुमच्या तिघांचा प्रश्न. पहिल्या वर्षी जेव्हीचे चौघांचे सामने जितके मिळतील तितके घ्या, बॅक जज नसलेल्या मैदानावर पळून बघितल्याशिवाय पाचवा माणूस काय करतो हे कळत नाही. आणि शुक्रवारी दुपारी साडेतीननंतर फोन सायलेंटवर ठेवू नका. कुठल्या तरी चमूला पाचवा कमी पडलेला असतोच, आणि मी पहिला फोन तुम्हालाच करणार आहे.