दिवसभराच्या मळमळीवर मला काय लागू पडलं

दुसऱ्या गरोदरपणात सहाव्या आठवड्यात मळमळ सुरू झाली, ती सकाळपुरती नव्हतीच. त्यात ऑफिस आणि तीन वर्षांची लेक. तिचे दात घासून देताना पेस्टच्या वासानेच मला उमासे यायचे. ती बिचारी ब्रश तोंडात धरून माझ्या पाठीवरून हात फिरवायची.

सगळ्यात जास्त फरक पडला तो पोट रिकामं न ठेवल्याने. उशाशी कोरडी बिस्किटं ठेवली. जाग आली की आडवी असतानाच दोन खायची, पंधरा-वीस मिनिटांनी उठायचं. ऑफिसात दर दोन तासांनी चार घास. पाणी जेवताना नाही, मधल्या वेळात घोट घोट. लोहाची गोळी डॉक्टरांना विचारून काही दिवस थांबवली. तरी भागेना, तेव्हा त्यांनी मळमळीवरची, व्हिटॅमिन बी-6 आणि डॉक्सिलामाइन या औषधाची गोळी दिली. तिने झोप येते, म्हणून रात्री घ्यायची. ती मी आधीच मागायला हवी होती, उगाच तीन आठवडे सोसलं.

बॉसला लवकर सांगून टाकलं. दात घासणं नवऱ्याकडे गेलं.

पाणीही पोटात टिकत नसेल, लघवी गडद किंवा अगदी कमी होत असेल, वजन उतरत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. माझी मळमळ सोळाव्या आठवड्यात ओसरली.