हातमाग शिकायचाय? आधी कांड्या भरा

मी इंदूरची. आजीच्या महेश्वरी साड्या बघत वाढले, म्हणून नोकरी सोडल्यावर थेट धामनोदमार्गे महेश्वर गाठलं. डोक्यात तिथल्या किल्ल्याच्या भिंतींवरची, साड्यांच्या काठात उतरलेली नक्षी: चटई, वीट, नर्मदेची लहर. उस्तादांनी चरखा पुढे सरकवला. "पहले कांडी भरना सीखो, बेटा." तीन आठवडे तेच केलं: आडव्या धाग्याचं सूत छोट्या नळीवर, म्हणजे कांडीवर, गुंडाळायचं. वैताग आला, पण सैल कांडी धोट्यात (आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या लाकडी नावेत) अडकते आणि कापडाची कड वेडीवाकडी ओढली जाते, हे तेव्हाच कळलं.

खरी फजिती पुढे, रंगात झाली. घरी मागावर पहिला स्टोल लावला. ताणा (उभे धागे) लालभडक, बाणा (आडवे धागे) पोपटी. जवळून एकेक धागा झकास दिसायचा; दोन हात मागे गेलं की सगळं मातकट. आजी म्हणाली, "अगं, ही तर गुळाची ढेप झाली!" साध्या विणीत ताणा-बाणा एकाआड एक येतात आणि विरुद्ध रंग लांबून एकमेकांना मारतात. लालसोबत केशरी, निळ्यासोबत जांभळा असे शेजारी रंग घेतले की छान धूपछाव येते. लाल-हिरवं हवंच असेल तर ताण्यातच रुंद पट्टे घ्या आणि बाणा गडद ठेवा. आता मी आधी वीतभर तुकडा विणते, त्यात सगळे रंग उभे-आडवे करून बघते.

हिशेबाचा कंटाळा करू नका. वीस इंच रुंदी, इंचाला २४ धागे, म्हणजे ताण्यात ४८० धागे. स्टोल दोन मीटरचा असला तरी ताणा सव्वातीन मीटर लागतो: गोंडे, धुतल्यावरचं आटणं, आणि मागावर शेवटी वाया जाणारा अर्धा-पाऊण मीटर. २/२० सूत (वीस नंबरचं, दोनपदरी सुती) घेतलं तर ताण्यालाच ९० ग्रॅमच्या आसपास. मागावर वाया जाणारं सूत एका स्टोलला परवडत नाही, म्हणून दोन-तीन एकदम लावा.

माग घ्यायची घाई नको. खड्ड्याच्या मागाला तळमजला लागतो. फ्लॅटमध्ये टेबलावरचा छोटा माग पुरतो.

आणखी एक, यावर मैत्रिणींशी वाद होतात. महेश्वरीला भौगोलिक मानांकन (जीआय) आहे, म्हणजे ते नाव त्या भागातल्या मालाचं. इंदुरात माझ्या मागावर विणलेल्या स्टोलवर लहर असली तरी मी त्याला 'महेश्वरी' म्हणून विकत नाही. गिऱ्हाईक कमी मिळतं, मिळू दे.

ती गुळाची ढेप आजीनं हार्मोनियमवर टाकलीय.